भाव बोदवडला ठरत नाही

डिसेंबरातली सकाळ. जळगाव जिल्ह्यातल्या बोदवडच्या एखाद्या जिनिंगच्या आवारात कापसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या रांगेने उभ्या असतात. गाडी काट्यावर चढण्याआधी एक माणूस ट्रॉलीच्या पोटात कोपरापर्यंत हात घालतो, तळचा कापूस ओढून वर काढतो, चिमटीत धरून धाग्याची लांबी बघतो आणि मग ओलावा मोजायचे यंत्र ढिगात खुपसतो. आठ टक्के आले तर हमीभाव पूर्ण. नऊ-दहा आले की टक्क्यामागे भाव उतरतो, आणि आकडा बाराच्या वर गेला की भारतीय कापूस महामंडळ, म्हणजे गावच्या तोंडी ‘सीसीआय’, तो माल घेतच नाही. मग ट्रॉली खासगी व्यापाऱ्याकडे वळते, नाहीतर कापूस अंगणात पसरून दोन दिवस उन्हात पडतो.

रांगेतली भांडणे या एका आकड्यावरून होतात, कारण तो डोळ्यांसमोर असतो. बाकीचे आकडे दिसत नाहीत. न्यूयॉर्कच्या वायदेबाजारात रुईचा सौदा काय भावाने झाला, ढाक्याच्या गिरण्यांनी सूत उचलले की थांबवले, दिल्लीतून आयात शुल्काची अधिसूचना निघाली की नाही, यातले काहीच त्या यंत्रावर उमटत नाही. ट्रॉलीतल्या मालाची किंमत मात्र त्यावरच ठरते.

हिशेब सोपा आहे. एक क्विंटल कापूस जिनिंगमध्ये घातला की साधारण ३३ ते ३५ किलो रुई निघते आणि साठ-बासष्ट किलो सरकी. उरलेले घट म्हणून उडून जाते. पाच क्विंटल कापूस म्हणजे १७० किलोंची एक गाठ. रुईचा भाव जगाकडे बघून ठरतो हे कोणीही सांगेल, पण सरकीचे तरी काय? सरकीचे तेल देशातल्या खाद्यतेलाच्या बाजारात विकले जाते आणि तिथे इंडोनेशिया-मलेशियातून येणाऱ्या पामतेलाशी त्याची गाठ पडते. घरच्या म्हशीच्या पुढ्यात येते ती ढेप तेवढी अजून आपली म्हणायची, आणि तिचाही वायदेबाजार आहेच.

अर्थशास्त्रात या दुखण्याला मोजपट्टी आहे. संयुक्त राष्ट्रांची व्यापार आणि विकास संस्था ज्या देशाच्या मालनिर्यातीत कच्च्या मालाचा वाटा ६० टक्क्यांहून जास्त असतो त्याला कच्च्या मालावर अवलंबून असलेला देश म्हणते. तेलाचा नायजेरिया आणि तांब्याचा झांबिया ही नेहमीची उदाहरणे. तालुक्याला कोणी ही पट्टी लावत नाही. पण बोदवडमधून बाहेर जाणाऱ्या मालमोटारींत काय असते हे बघायला अर्थतज्ज्ञ लागत नाही: गाठी, सरकी, मका, हरभरा, थोडीफार ज्वारी. नायजेरियाचे तेल जमिनीखाली असते, खान्देशाचे जमिनीवर. पूर्णा-तापीच्या खोऱ्यातली ती काळी, भेगाळणारी, ओल धरून ठेवणारी माती हीच इथली खाण.

आणि ती आजची नव्हे. सतराव्या शतकात बऱ्हाणपूर ही मोगलांची मोठी पेठ होती. १६१५ मध्ये इंग्रज राजदूत सर टॉमस रो सुरतेहून निघून तिथे शाहजादा परवेझच्या दरबारात पोहोचला तो तापीच्या याच खोऱ्यातून. या वाटेने सुरतेच्या बंदराकडे उतरत होते ते मात्र विणलेले कापड. बऱ्हाणपूरच्या तलम कापडाला इराण-तुर्कस्तानापर्यंत गिऱ्हाईक होते. म्हणजे ज्याला आज ‘मूल्यवर्धन’ म्हणतात ते या खोऱ्यात चारशे वर्षांपूर्वी होत होते. नुसती रुई दाबून गाठी बांधायच्या आणि पाठवून द्यायच्या, ही रीत नंतरची.

ती रीत पक्की केली अमेरिकेतल्या यादवी युद्धाने. १८६१ मध्ये युद्ध पेटले, उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे अडवली आणि लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस आटला. त्यांच्या गरजेचा बहुतेक कापूस अमेरिकेतून येत असे; आता नजर मुंबईकडे वळली. आखूड धाग्याचा म्हणून ज्या मालाला लिव्हरपूलमध्ये नाक मुरडले जाई, त्याचे भाव बघता बघता कित्येक पटींनी चढले. खान्देशात बाजरी-ज्वारीच्या रानात कपाशी शिरली. लांब धाग्याचे हिंगणघाटी बियाणे इथे रुजवायचे सरकारी प्रयत्न झाले. आणि भाव चढताच रुईत सरकी, माती, पाणीही मिसळू लागले. १८६३ मध्ये मुंबई सरकारला कापसातल्या लबाडीविरुद्ध खास कायदा करावा लागला. आज ट्रॉलीत खुपसले जाणारे ओलाव्याचे यंत्र त्या कायद्याचे पणतू शोभेल.

मुंबईत या पैशाने काय केले ते सर्वश्रुत आहे. बॅक बे भराव कंपनीच्या शेअरांचे वेड, शेअरदलाल प्रेमचंद रायचंदांचा दबदबा, आणि युद्ध संपल्यावर १ जुलै १८६५ ला फुटलेला फुगा. खान्देशातली गोष्ट कमी सांगितली जाते. कापूस बंदराला नेण्यासाठी म्हणून ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचे रूळ पुढे सरकत होते. भुसावळवरून, बोदवडच्या शिवारातून जाणारी ही वाट नागपूरला पोहोचली १८६७ मध्ये. म्हणजे तेजीसाठी आखलेली गाडी आली तेव्हा तेजी ओसरून दोन वर्षे झाली होती. रूळ मात्र राहिले, आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने उभे राहत गेले. बोदवड, वरणगाव, जामनेर, पलीकडे मलकापूर: या पट्ट्यातली गावे कापसाच्या पेठा म्हणून वाढली. गावात रुई दाबायची, स्टेशनावर चढवायची, मुंबईत विकायची. दीडशे वर्षांत गाडीच्या जागी ट्रक आला, एवढाच काय तो बदल.

त्याच तेजीने आणखी एका देशाला झपाटले होते. इजिप्तचा खेदिव इस्माईल पाशा १८६३ मध्ये गादीवर आला तो ऐन चढत्या भावात. कापूस असाच विकत राहील या भरवशावर त्याने कालवे, रेल्वे, राजवाडे बांधायला युरोपच्या सावकारांकडून कर्ज उचलले. भाव उतरले, कर्ज उतरले नाही. १८७५ मध्ये सुएझ कालव्याचे शेअर इंग्लंडला विकावे लागले आणि १८८२ मध्ये इंग्रजी फौज देशातच येऊन बसली. खान्देशाच्या शेतकऱ्याकडे विकायला कालवा नव्हता. त्याने सावकाराकडे शेत लिहून दिले. प्रमाण सोडले तर गोष्ट एकच.

पुढे १९५० च्या सुमारास राउल प्रेबिश आणि हान्स सिंगर या दोन अर्थतज्ज्ञांनी वेगवेगळे काम करून एकच निष्कर्ष मांडला: कच्चा माल विकून पक्का माल विकत घेणाऱ्याच्या पदरी दीर्घ काळात कमी-कमीच पडत जाते. त्यावर वाद पुष्कळ झाले. खान्देशात ही गोष्ट सांगायला कोणाला प्रेबिश लागला नाही. कापूस विकून सदरा घेणाऱ्याला दोन्हींच्या किमती पाठ असतात.

कच्च्याचे पक्के करायचा प्रयत्न झालाच नाही असे नाही. जळगावात खान्देश स्पिनिंग अँड वीव्हिंग मिल १८७० च्या दशकातच उभी राहिली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमळनेरला प्रताप शेठांची प्रताप मिल निघाली. धुळ्याला न्यू प्रताप, चाळीसगावला लक्ष्मीनारायण. या गिरण्यांनी नुसते धोतर-लुगडे विणले नाही, गावे घडवली. अमळनेरचे तत्त्वज्ञान मंदिर प्रताप शेठांच्याच पैशातून १९१६ मध्ये उभे राहिले. कापसाच्या नफ्याचा याहून अनपेक्षित उपयोग दुसरा सांगता यायचा नाही. नंतर यंत्रे जुनी झाली, यंत्रमाग आले, मुंबईतल्या गिरण्यांना लागलेली कीड इथेही पोहोचली. जळगाव स्टेशनाजवळच्या त्या पहिल्या मिलच्या जागेवर आज व्यापारी संकुल आहे. आत तयार कपड्यांची दुकाने आहेत. ते कपडे कुठून येतात हे विचारू नये.

स्वातंत्र्यानंतरचा सगळ्यात मोठा प्रयोग सरकारी होता. १९७२ मध्ये महाराष्ट्राने कापूस एकाधिकार खरेदी योजना आणली. शेतकऱ्याने कापूस विकायचा तो फक्त पणन महासंघाला. व्यापाऱ्याला नाही आणि राज्याबाहेर तर मुळीच नाही. हेतू चांगला होता: भाव पडला तर सरकार सावरेल, चढला तर फरक शेतकऱ्याला मिळेल. पण खान्देश हा सीमेवरचा मुलूख. तापीच्या वरच्या अंगाला मध्य प्रदेश, खालच्या अंगाला गुजरात. तिकडे भाव जास्त असला की रात्रीच्या गाड्या सुटत आणि नाक्यांवर पोलीस कापूस पकडत. स्वतःच्या शेतातला माल विकायला नेणारा शेतकरी तस्कर ठरला. शेतकरी संघटनेने या बंदीविरुद्ध रान उठवले. तोट्याखाली वाकलेली ही योजना २००० नंतर सैल होत होत संपली. तिने एक गोष्ट मात्र दाखवून दिली: विकायची जागा एकच असली की ती सरकारी आहे की खासगी, याने फार फरक पडत नाही.

२००२ मध्ये बीटी कपाशीला परवानगी मिळाली. पुढच्या दहा-बारा वर्षांत देशाचे उत्पादन चढत चढत २०१३-१४ मध्ये ३९८ लाख गाठींवर गेले. जळगाव जिल्ह्यात कपाशीचा पेरा पाच लाख हेक्टरच्या आसपास राहू लागला. तूर, मूग, उडीद, भुईमूग बांधाकडे सरकले. ऐपत वाढली, घरे पक्की झाली, दारात ट्रॅक्टर आले. हे नाकारून चालणार नाही. पण सगळी अंडी एकाच डालग्यात गेली, आणि त्या डालग्याचा कान चीनच्या हातात होता.

२०११-१२ च्या हंगामात भारतातून सुमारे १३० लाख गाठी बाहेर गेल्या, त्यातल्या बऱ्याचशा चीनला, कारण चीन तेव्हा सरकारी साठा भरत होता. निर्यात इतकी वेगाने झाली की देशातल्या सूतगिरण्यांनी ओरड केली आणि ५ मार्च २०१२ ला केंद्राने निर्यात एकदम बंद केली. आठवड्याभरात निर्णय फिरवावा लागला. तोवर जिनिंगवाल्यांचे सौदे मोडले होते आणि घरात कापूस धरून बसलेल्यांचा भाव उतरला होता. पुढे २०१४ च्या सुमारास चीनने साठ्याचे धोरण बदलले आणि खरेदी आटली. २०२२-२३ मध्ये भारताची कापूसनिर्यात १६ लाख गाठींच्या आसपास उरली. २०२४-२५ मध्ये तर सुमारे ४० लाख गाठी बाहेरून आल्या. दहा-बारा वर्षांत जगाला कापूस विकणारा देश कापूस विकत घेणारा झाला. बोदवडच्या शिवारात बदलले ते इतकेच की २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने बीटीचा धाक मोडला आणि फवारणीचा खर्च वाढला. आपली कपाशी बहुतांश पावसावर. देशाची उत्पादकता हेक्टरी साडेचारशे किलो रुईच्या आसपास घोटाळते आणि ब्राझील-ऑस्ट्रेलिया तिच्या कितीतरी पट पुढे आहेत.

मधल्या एका हंगामाची आठवण खान्देशात अजून निघते. २०२१-२२ मध्ये हमीभाव ६,०२५ रुपये असताना बाजारात कापूस दहा हजारांच्या वर गेला, कुठे कुठे बाराही. ज्यांनी दिवाळीला गावात येणाऱ्या व्यापाऱ्याला, खेडा खरेदीत, विकून टाकला ते हळहळले. पुढच्या वर्षी कोणी घाई केली नाही. कापूस घरात भरला, ओसरीत भरला, माजघरात छतापर्यंत रचला. दहा हजाराची वाट बघत होळी गेली, अक्षय्य तृतीया गेली. भाव सात-आठ हजारांत रेंगाळला. कापसातल्या किड्यांनी घरातल्या पोराबाळांच्या अंगाला खाज सुटली, तरी कापूस हलेना. शेवटी जूनमध्ये बियाण्याला पैसे हवेत म्हणून निघाला. बाजाराच्या भाषेत याला साठवणक्षमता म्हणत असतील.

२०२५ मध्ये तर एकाच महिन्यात दोन बाजूंनी फटका बसला. १९ ऑगस्टला केंद्राने कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क काढले. सवलत आधी सप्टेंबरअखेर होती, ती डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली. २७ ऑगस्टपासून अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्के कर लावला आणि कापडाच्या निर्यातदारांनी हात आखडले. शुल्क काढले ते याच निर्यातदारांना स्वस्त रुई मिळावी म्हणून. त्यांच्या बाजूने बघितले तर गैर काही नाही. पण नव्या हंगामाचा कापूस फुटायच्या तोंडावर परदेशी रुईला दार उघडले गेले. लांब धाग्याचा हमीभाव ८,११० रुपये जाहीर झालेला. खासगी बाजार त्याखाली. म्हणून सीसीआयची रांग वाढली. त्या रांगेत उभे राहायला ‘कपास किसान’ नावाच्या ॲपवर नाव नोंदवावे लागले, आणि ओलाव्याचा आकडा पुन्हा आठच्या वर.

कापसाचा जाच एकट्या खान्देशाला नाही. पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतले बेनिन, बुर्किना फासो, माली आणि चाड हे चार देश २००३ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत एकत्र उभे राहिले: अमेरिका आपल्या कापूसवाल्यांना अनुदान देते म्हणून आमचा भाव पडतो, ही त्यांची तक्रार. ती अजून पुरती सुटलेली नाही. ब्राझीलने हाच मुद्दा घेऊन खटला लढवला, जिंकला आणि २०१४ मध्ये ३० कोटी डॉलर घेऊन तडजोड केली. एकच तक्रार, पण ब्राझीलकडे विकायला सोयाबीन, साखर, लोखंड, विमानेही होती, मालीकडे नव्हती. आणि बांगलादेशाकडे तर कापूसच नाही म्हटले तरी चालेल. तरी तयार कपड्यांच्या निर्यातीत तो जगात पहिल्या दोन-तीनांत आहे, आपली रुई आणि आपले सूत घेऊन. लँकेशायरची जागा ढाक्याने घेतली. बोदवडची जागा बदलली नाही.

आता केळी.

बोदवडहून उत्तरेला तासाभराच्या आत मुक्ताईनगर लागते. चांगदेवला तापी-पूर्णेचा संगम आहे. तो ओलांडला की दृश्यच पालटते. रावेर, यावल, पलीकडे चोपडा: नजर जाईल तिकडे केळीच्या बागा. जिल्ह्यात पन्नास हजार हेक्टरच्या आसपास केळी आहे. भारत जगातली जवळजवळ चौथाई केळी पिकवतो आणि त्यातला मोठा वाटा या पट्ट्याचा. सावदा-रावेर स्टेशनांवरून केळीच्या वाघिणी दिल्लीकडे जाऊ लागल्या त्याला कित्येक पिढ्या झाल्या. १९९० च्या दशकात ऊतिसंवर्धित ग्रँड नैन रोपे आली, ठिबक आले, घड मोठे झाले. २०१६ मध्ये ‘जळगाव केळी’ला भौगोलिक मानांकन मिळाले. जून २०२१ मध्ये रावेर तालुक्यातल्या तांदलवाडीची २२ टन मानांकित केळी दुबईला रवाना झाली तेव्हा सरकारी पत्रकही निघाले.

बावीस टन म्हणजे एक कंटेनर. २०१९-२० मध्ये देशाची केळीनिर्यात १.९५ लाख टन होती, किंमत ६६० कोटी. उत्पादनाच्या मानाने हे ताटातल्या मिठाएवढे. जगात निर्यातीचा राजा इक्वेडोर. त्याची बाग मोठी नाही, त्याचे बंदर आणि शीतसाखळी मोठी आहे. निर्यातीच्या केळीला काढणीपासून १३ अंशांची थंडी लागते, घडाला डाग चालत नाही, खोक्यातल्या फण्या सारख्या लागतात. महाराष्ट्रातून आज निर्यातीचे कंटेनर भरतात ते अधिककरून सोलापूरच्या करमाळा-टेंभुर्णी भागातून, कारण पॅकहाऊस आणि शीतगृहे तिथे आधी झाली आणि न्हावा शेवा बंदर जवळ. मानांकन जळगावचे, कंटेनर सोलापूरचा. रावेरच्या बागायतदाराला हे बोलून दाखवले तर तो विषय बदलतो आणि बऱ्हाणपूरचा आजचा भाव सांगतो. केळीचा भावही शेजारच्या राज्यातल्या बाजाराकडे बघूनच निघतो.

दूरच्या गिऱ्हाइकाची गंमत इथेही आहे. २०२४ च्या सुरुवातीला इक्वेडोरने जुनी सोव्हिएत बनावटीची शस्त्रे अमेरिकेला द्यायचे कबूल केले. रशिया चिडला, इक्वेडोरच्या काही कंपन्यांची केळी त्याने अडवली आणि भारतातून केळी मागवली. दक्षिण अमेरिकेतल्या जुन्या शस्त्रांमुळे भारतीय केळीला दार उघडते. असे दार बंद व्हायलाही तेवढेच पुरेल. निर्यातीचा मुख्य भार आखातावर, म्हणजे इराण, इराक, अमिराती, ओमान यांच्यावर आहे, आणि तिथे काय चालू असते ते रोजच्या बातम्यांत असतेच.

पण केळीचा खरा कच्चा माल केळी नव्हे, पाणी आहे. सातपुड्याच्या पायथ्याचा दगडगोट्यांचा पट्टा पाणी पिऊन घेतो आणि खालच्या गाळात भरतो. त्यावर ही बाग उभी आहे. विंधन विहिरी शेकडो फूट खाली गेल्या. १० मे २०२५ ला महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशाने भोपाळला तापी महापुनर्भरण योजनेचा करार केला, तो याच पट्ट्याची तहान भागवायला. म्हणजे कापसाच्या परावलंबनातून रावेर सुटले ते जमिनीखालचे साठवलेले पाणी उपसून. खनिज तेल काढणे यापेक्षा फार वेगळे नसते.

बोदवडच्या खाली तो साठा नाही. तापी तालुक्याला शिवत नाही. ‘पीक बदला, फळबाग लावा’ हे सांगायला दरवर्षी गाड्या येतात आणि मेळावे होतात. प्यायच्या पाण्यासाठी उन्हाळ्यात टँकर बघणाऱ्या गावाने केळी लावायची कशी, यावर त्या गाड्यांत पत्रक नसते. पूर्णेचे पाणी उचलून बोदवड, मुक्ताईनगर, जामनेर आणि पलीकडच्या मलकापूर-मोताळ्याला द्यायची बोदवड परिसर उपसा सिंचन योजना नव्वदीच्या दशकाअखेरची. बोदवडला स्वतंत्र तालुका मिळाला १९९९ मध्ये. तालुका मोठा झाला, योजना रखडत राहिली. निधीची बातमी दर निवडणुकीला येते.

धुळे जिल्ह्यातल्या शिरपूरने याच प्रश्नाला दुसरीकडून हात घातला. तिथे २००४ पासून भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकरांनी नाले रुंद आणि खोल करून त्यावर साखळीने बंधारे बांधायला घेतले. पाठीशी आमदार अमरीशभाई पटेलांचे बळ होते. कोरड्या विहिरींना पाणी आले, दुबार पीक आले. शिरपूरला सूतगिरणी, वस्त्रोद्योग, शिक्षणसंस्था आधीच होत्या, पैसा होता, इच्छा होती. ‘शिरपूर पॅटर्न’ची नक्कल राज्यात पुष्कळ ठिकाणी झाली, पण नाला खोदणे सोपे असते, मागचा पैसा आणि चिकाटी नकलेत येत नाही.

खान्देशात बाजार खरोखर बदलून दाखवणारे लोक झाले, पण ते शेतातून सुटून कारखान्यात शिरले. २९ डिसेंबर १९४५ ला अमळनेरला वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही कंपनी नोंदली गेली. मोहम्मद हाशम प्रेमजींनी भुईमुगाच्या मुलखात वनस्पती तुपाचा कारखाना टाकला. पुढे ७८७ साबण निघाला. १९६६ मध्ये वडील गेल्यावर एकवीस वर्षांचे अझीम प्रेमजी शिक्षण सोडून परतले. आयबीएम भारतातून गेल्यावर उरलेल्या पोकळीत त्यांनी संगणकाचा धंदा धरला. ती कंपनी म्हणजे विप्रो. अमळनेरच्या जुन्या घरांत कंपनीचे शेअर होते, ज्यांनी विकले नाहीत त्यांचे काय झाले याच्या कथा तिथल्या कट्ट्यावर आजही निघतात. तेलातून संगणकात गेलेली ही निर्यात कोट्यवधी डॉलरांची झाली. खान्देशाच्या वाट्याला त्यातून शेअर आले, संगणकाची नोकरी बंगळूरला गेली.

दुसरे उदाहरण घराजवळचे. जामनेर तालुक्यातल्या वाकोदचे भवरलाल जैन १९६३ मध्ये सात हजार रुपयांवर रॉकेलच्या धंद्यात उतरले. १९७८ मध्ये त्यांनी केळीची भुकटी करणारा कारखाना तीस लाखांना विकत घेतला आणि त्यात भुकटी न करता पपईच्या चिकापासून पपेन काढायला सुरुवात केली. कच्च्या पपईला पहाटे ओरखडे मारून चीक गोळा करायचा, वाळवायचा, शुद्ध करायचा. मांस मऊ करायला, औषधाला, बीअर नितळ करायला हे पपेन परदेशात लागते. ज्या मातीतून गाठीखेरीज काही जात नव्हते तिच्यातून पांढरी भुकटी डब्यात भरून निर्यात होऊ लागली. पुढे पाइप, ठिबक, वाळवलेला कांदा, आंब्याचा रस. मधल्या काळात कर्जाचे डोंगरही झाले, पण जिल्ह्याच्या निर्यातीचा चेहरा बदलला तो इथून.

डाळीची कथा उलटी. जळगावच्या डाळमिला देशात नावाजलेल्या. सुरुवात इथल्या तुरी-मुगावर झाली. आता गिरणीला वर्षभर चालायचे तर म्यानमारचा उडीद, मोझांबिक-टांझानियाची तूर, कॅनडा-रशियाचा वाटाणा लागतो. २००६ पासून ११ वर्षे डाळीच्या निर्यातीवर बंदी होती, ती नोव्हेंबर २०१७ मध्ये उठली. पिवळा वाटाणा डिसेंबर २०२३ पासून शुल्काविना आला आणि देशी हरभऱ्या-तुरीचा भाव दबला. नोव्हेंबर २०२५ पासून त्यावर ३० टक्के शुल्क लागले. गिरणीवाल्याला स्वस्त वाटाणा हवा, बोदवडच्या हरभरेवाल्याला महाग. दोघे एकाच जिल्ह्यातले, बहुतेक एकाच पक्षाचे मतदार.

गेल्या दोन-तीन खरिपांत बोदवडच्या शिवारात खरी हालचाल दिसते ती मक्याची. कपाशीच्या वेचणीला बायका मिळत नाहीत, मिळाल्या तर किलोमागचा दर परवडत नाही. मका यंत्राने निघतो. शिवाय जानेवारी २०२४ मध्ये तेल कंपन्यांनी मक्याच्या इथेनॉलला लिटरमागे ७१.८६ रुपये भाव दिला आणि पेट्रोलमधल्या इथेनॉलसाठी मका हवा, असा पुकारा झाला. कपाशीचा पेरा घटला, मक्याचा वाढला. मेळाव्यातल्या साहेबांना हवा होता तो पीकबदल कोणी न सांगता झाला. २०२५ च्या दिवाळीनंतर मका निघाला तेव्हा हमीभाव होता २,४०० रुपये आणि बाजार त्याच्या बराच खाली. इथेनॉलसाठी सरकारने स्वस्त तांदूळही मोकळा केला होता. जिनिंगच्या आवारात कापूस कमी येऊ लागला, आणि सडकेच्या कडेला डांबरावर पिवळ्या दाण्यांचे लांबच लांब पट्टे पसरले, ओलावा उतरायची वाट बघत.